मामांनी आणलेली बाटली आणि आईची केमो

पत्र : आई ४६ वर्षांची आहे. डाव्या स्तनाचा कर्करोग, गाठ हार्मोन पॉझिटिव्ह. ऑपरेशन झालं, मग ‘एसी’ या केमोचे चार डोस झाले. आता दर गुरुवारी परळला पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमो-औषधाचा डोस असतो, बारापैकी तीन झाले. पुढे पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी आहे. मागच्या महिन्यात साताऱ्याहून मामा आले. त्यांनी पाच वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल आणि काढ्याची बाटली आणली. त्यात अश्वगंधा, गुळवेल, हळद-मिरीचा अर्क, शतावरी आणि लक्ष्मणफळाची पानं आहेत. वनस्पतींचे अर्क एकत्र दिले की कर्करोगाच्या पेशी जास्त मरतात, असा प्रयोगशाळेतला निबंधही त्यांनी फोनवर दाखवला. आई दहा दिवसांपासून घेते आहे आणि झोप बरी लागते म्हणते. हे खरं आहे का? केमोसोबत चालेल का? डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, ते रागावतील अशी भीती वाटते. – एक मुलगी, डोंबिवली

नमस्कार. आधी करायचं काम सांगतो, कारणं मागाहून. कॅप्सूल आणि काढा दोन्ही आजपासून थांबवा. फेकून मात्र देऊ नका. बाटली, कॅप्सूलचं पाकीट आणि असेल तर बिल एका पिशवीत घालून गुरुवारी सोबत न्या. आणि सलाइन लागायच्या आधी डॉक्टरांना किंवा डे-केअरमधल्या सिस्टरना सांगा की गेले दहा दिवस हे पोटात गेलं आहे. डॉक्टर रागावले तर रागावू देत. गुळवेल पोटात आहे हे माहीत नसलेल्या डॉक्टरांनी आईचा डोस ठरवणं जास्त धोक्याचं आहे.

आता मामांच्या म्हणण्याकडे वळू. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण त्यातलं अर्धं अगदी खरं आहे.

आईला गुरुवारी जे औषध मिळतं ते मुळात झाडाचंच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून ते निघालं. १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडणाऱ्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीतले वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. त्याच दोघांनी शोधलेलं, कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं दुसरं द्रव्य कॅम्प्टोथेसिन. ते आधी एका चिनी झाडात सापडलं आणि पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही. कोकण-घाटात नरक्याची चोरटी तोड होते ती त्याच्याचसाठी. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही केमोची औषधं मिळतात. म्हणजे वनस्पतीत कर्करोगावरचं औषध असू शकतं यावर वाद घालायचं कारणच नाही.

पण सदाफुलीकडे जरा नीट पाहा. तिच्या शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन एकाच झाडातली, दोघांच्या रेणूत एका छोट्याशा रासायनिक गटाचा फरक, पण पहिलं मुख्यतः नसांवर बेततं आणि दुसरं हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजावर. व्हिन्क्रिस्टीन मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. मिठाच्या काही कणांएवढं हे वजन. औषध आणि विष यांतलं अंतर इतकं कमी असतं, म्हणून ते द्रव्य आधी वेगळं काढावं लागलं, शुद्ध करावं लागलं आणि मगच मोजून देता आलं. (साखरेसाठी सदाफुलीची पानं चावण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. केमो चालू असलेल्या माणसाने तीही करू नये.)

एकत्र देण्याची कल्पनाही खोटी नाही. केमोची सगळी उभारणीच तिच्यावर झाली आहे. १९६०च्या दशकात लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात एकेक औषध देऊन आजार थोडे दिवस मागे हटायचा आणि परत यायचा. तेव्हा व्हिन्क्रिस्टीनसह चार औषधं एकत्र दिली गेली आणि चित्र पालटलं. जोडी जमवण्याचे नियम तेव्हापासून आजपर्यंत तेच आहेत. प्रत्येक औषध एकट्यानेही त्या कर्करोगावर चालणारं हवं. प्रत्येकाचा घाव पेशीत वेगळ्या जागी बसायला हवा. आणि त्यांचे त्रास शक्यतो वेगवेगळ्या अवयवांवर पडायला हवेत. आईच्या ‘एसी’त डॉक्सोरुबिसिन हृदयाला जपून द्यावं लागतं, सायक्लोफॉस्फमाइड मूत्राशयाला जपून. दोघंही पांढऱ्या पेशी खाली आणतात, म्हणून दोन डोसांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. हा हिशोब हजारो रुग्णांवर पडताळून बसवलेला आहे. मामांच्या बाटलीतली पाच द्रव्यं आईच्या पॅक्लिटॅक्सेलसोबत कुणीही अशी पडताळलेली नाहीत.

मग फोनवरच्या निबंधात होतं काय? असे निबंध कसे तयार होतात ते एकदा समजून घ्या, पुढचा कुणी दाखवेल तेव्हा तुमचा तुम्हालाच वाचता येईल.

तळहाताएवढी प्लॅस्टिकची थाळी असते, तिला ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात साधारण पाच हजार पेशी, मिलिलिटरच्या दहाव्या भागाएवढ्या पोषक पाण्यात. आडव्या ओळीत पहिला अर्क चढत्या मात्रेत घालतात, उभ्या ओळीत दुसरा. ३७ अंशांच्या पेटीत थाळी दोन-तीन दिवस ठेवतात. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे कण करतात, म्हणून जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत. निम्म्या पेशी मारायला लागणारी मात्रा म्हणजे आयसी-५०.

एकत्र परिणाम खरंच वाढला की नाही, हे ठरवायला एक साधं गणित आहे. समजा पहिल्या अर्काला एकट्याने निम्म्या पेशी मारायला मिलिलिटरमागे ४० मायक्रोग्रॅम लागतात आणि दुसऱ्याला २०. दोन्ही मिळून १० आणि ५ मध्ये काम झालं, तर १०/४० अधिक ५/२० म्हणजे ०.५. आकडा एकच्या खाली आला की दोघं एकमेकांना जोर देतात. २० आणि १० लागले तर उत्तर बरोबर १, नुसती बेरीज. आणि ३० आणि १५ लागले तर १.५, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येतात. शेवटचा प्रकार दुर्मिळ नाही, पण तसले निबंध मोबाइलवर फिरत नाहीत.

वाचताना तीन गोष्टी शोधा. हा आकडा दिला आहे का, की ‘दोन्ही मिळून जास्त मेल्या’ एवढ्यावरच निष्कर्ष काढला आहे? निरोगी पेशींवर तेच अर्क घालून पाहिले आहेत का? कारण जे सगळ्याच पेशी मारतं ते फिनाइलही करतं. तिसरी गोष्ट जाणकारांच्याही नजरेतून सुटते : पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी घातलेले खळगे ठेवले होते का? वनस्पतींमधली टॅनिनसारखी द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटीचा रंग पालटवतात, आणि अर्काचा स्वतःचा गडद रंग यंत्राला फसवतो तो वेगळाच. असे रिकामे खळगे नसतील तर त्या निबंधातल्या एकाही आकड्यावर भिस्त ठेवू नका.

आणि हे सगळं नीट केलेलं असलं तरी ती थाळी आहे, आई नाही. थाळीत अर्क थेट पेशीवर पडतो. आईच्या पोटात गेलेला अर्क आधी आतड्यातून पार व्हावा लागतो, मग यकृतातून सुटावा लागतो, आणि उरलासुरला रक्तातून गाठीपर्यंत पोचतो. हळदीतल्या कुरकुमिनचं उदाहरण घ्या. थाळीत परिणाम दिसायला ते बहुतेक वेळा १० ते २० मायक्रोमोलर (द्रवात द्रव्य किती, हे मोजायचं एकक) लागतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधल्या एका चाचणीत रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कुरकुमिन दिलं गेलं. रक्तात ते सरासरी दोन मायक्रोमोलरही भरलं नाही. हळदीत कुरकुमिन तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खायला हवी. लालबागच्या मसाला गल्लीतून कितीही चांगली हळद आणली तरी हे गणित सुटत नाही.

अश्वगंधेचा अनुभव तर मुंबईचाच आहे. तिच्यातलं विथाफेरिन-ए हे द्रव्य थाळीत फार जोरदार चालतं. हाडांचा कर्करोग बळावलेल्या १३ रुग्णांना ते कॅप्सूलमधून देऊन पाहिलं गेलं, दिवसाला २१६ मिलिग्रॅमपर्यंत. त्याचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. औषध बऱ्यापैकी सोसलं, पण काही जणांच्या यकृताच्या चाचण्या वर गेल्या आणि रक्तात विथाफेरिन-ए मोजण्याइतकंही सापडलं नाही. हे काम वाया गेलं असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. द्रव्य रक्तात पोचत नाही हे कळलं, तर ते पोचवायचं कसं हा पुढचा प्रश्न तरी विचारता येतो. बाटली विकणारा हा प्रश्न कधीच विचारत नाही.

काढ्याबद्दलही एक गोष्ट. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा अल्कोहोलमधला अर्क वापरतात. घरी आपण पाणी उकळतो, एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घालून आठवा हिस्सा उरवतो. दोन्हींत उतरणारी द्रव्यंच वेगळी. कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्यामुळे अल्कोहोलच्या अर्कावरचा निबंध दाखवून काढा देणं म्हणजे एकाची चिठ्ठी दाखवून दुसऱ्याला आत सोडण्यासारखं झालं.

आता तुमच्या आईच्या बाटलीतल्या एकेका गोष्टीविषयी.

आमची सगळ्यात मोठी काळजी गुळवेल. करोनाच्या काळात ती घरोघरी पोचली. त्यानंतर मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली की गुळवेल घेतल्यावर ज्यांच्या यकृताला सूज आली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तसं चित्र होतं. त्यातली एक रुग्ण दगावली. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती दिली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की गुळवेलीच्या जागी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, पण तुमच्या घरापुरता तो धोका कमी करत नाही, उलट वाढवतो. मामांच्या बाटलीत नक्की कुठली वेल आहे हे तुम्ही कशावरून सांगणार?

शिवाय पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर टाकण्याचं मुख्य काम यकृताचंच. यकृत सुजलं तर औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, त्रास वाढतो, डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. आणि रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याची खूण, वाढलेलं दिसलं की डॉक्टरांसमोर कोडं उभं राहतं. केमोमुळे वाढलं की गुळवेलीमुळे? केमोमुळे समजून चांगलं चाललेलं औषध थांबवलं गेलं, तर आईचं खरं नुकसान तिथे होईल.

हळद-मिरीची जोडी ही या बाटलीतली सगळ्यात हुशार कल्पना, आणि म्हणूनच सगळ्यात सांभाळून घेण्याची. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कुरकुमिनसोबत मिरीतलं पिपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात पोचणारं कुरकुमिन वीसपट वाढतं. हे कसं होतं? आतडं आणि यकृत नको असलेली द्रव्यं बाहेर काढण्यासाठी काही विकरं (एन्झाइम) आणि पेशींतले पंप वापरतात. पिपरिन त्यांना ब्रेक लावतं. पण ते काही फक्त कुरकुमिनची वाट मोकळी करत नाही. पॅक्लिटॅक्सेलच्या मार्गातही यांतली काही विकरं आणि एक पंप आहे. ठरवलेल्या डोसापेक्षा औषध जास्त चढलं तर पांढऱ्या पेशी आणखी घसरतील, हातापायांच्या मुंग्या वाढतील. आईला विचारा, ब्लाउजचे हुक लावताना बोटं चाचपडतात का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ते गुरुवारी न विसरता सांगा. डोस आवरायचा की नाही हे ठरवायला डॉक्टरांना हे लागतं.

टॅमॉक्सिफेन सुरू झाल्यावर मात्र हीच जोडी उलट्या बाजूने त्रास देते. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृत त्याचं एंडॉक्सिफेन करतं आणि खरं काम तेच करतं. नेदरलँड्समध्ये १६ बायकांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, रोज तीन वेळा १२०० मिलिग्रॅम कुरकुमिन दिल्यावर एंडॉक्सिफेन सुमारे आठ टक्क्यांनी उतरलं. सोबत पिपरिन दिलं तेव्हा बारा टक्क्यांच्या आसपास. ज्यांच्या रक्तात ते मुळातच काठावर असतं त्यांना एवढीही घट परवडत नाही. पाच वर्षं नेमाने गोळी घ्यायची आणि कॅप्सूलने तिचा जोर काढून घ्यायचा, असं व्हायला नको. आमटी-भाजीतली हळद आणि मिरी यात येत नाही हे लक्षात घ्या. ती चिमूटभर असते, इथे गोष्ट अर्काच्या कॅप्सूलची चालली आहे.

शतावरी बाळंतिणीला देतात ती उगाच नाही. तिच्यातल्या द्रव्यांची क्रिया काही अंशी स्त्री-संप्रेरकासारखी मानली जाते. आईची गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे स्त्री-संप्रेरकावर वाढणारी. शतावरी कल्प, शतावरीची पावडर, कुठल्याही रूपात ती नको. केमो संपल्यावरही नको.

लक्ष्मणफळाविषयीचा ‘केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्याचा उगम १९९०च्या दशकातल्या एका थाळीतल्या प्रयोगात आहे. त्या फळाच्या बियांतून वेगळं काढलेलं एक द्रव्य आतड्याच्या कर्करोगाच्या एका जातीच्या पेशींवर डॉक्सोरुबिसिनच्या तुलनेत पाहिलं गेलं होतं. माणूस त्यात कुठेच नव्हता. त्याच कुळातलं अॅनोनासिन हे द्रव्य मेंदूच्या पेशींना मारक आहे, आणि कॅरिबियन बेटांवर हे फळ व त्याच्या पानांचा चहा नित्य घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारख्या विचित्र आजाराशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. पॅक्लिटॅक्सेल नसा दुखावत असताना नसांना मारक पानं उकळून देऊ नका.

राहिली अश्वगंधा आणि आईची झोप. झोप लागते हा तिचा अनुभव आम्ही खोडून काढत नाही. पण झोप उडते कशाने हेही बघा. पॅक्लिटॅक्सेलची अॅलर्जी होऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन देतात आणि त्या स्टेरॉइडने त्या रात्री झोप उडणं अगदी नेहमीचं आहे. गुरुवारी आणि शुक्रवारीच जागरण होतं की रोज, हे वहीत टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. काही डोसांनंतर अॅलर्जी झालेली नसेल तर ते स्टेरॉइड कमी करता येतं, आणि त्यासाठी वेगळं औषध लागत नाही. अश्वगंधेने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवरही तिचा परिणाम होतो. गुळवेलीसोबत तर ती नकोच.

इथपर्यंत आपण हे धरून चाललो की लेबलवर लिहिलंय तेच बाटलीत आहे. तसं नसलं तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पीसी-स्पेस नावाच्या आठ वनस्पतींच्या मिश्रणाने प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांचे पीएसए (त्या आजारावर लक्ष ठेवायची रक्तचाचणी) खरोखर खाली यायचे. डॉक्टरांनीही ते गंभीरपणे घेतलं, चाचण्या सुरू झाल्या. मग तपासणीत त्यात कारखान्यात बनवलेलं स्त्री-संप्रेरक, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि एक वेदनाशामक सापडलं. २००२ साली ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. वनस्पतींचा गुण म्हणून जो लोकांना दिसत होता त्यात या भेसळीचा वाटा होता. आपल्याकडेही ‘लगेच फरक पडतो’ अशी ख्याती असलेल्या पुड्यांत स्टेरॉइड निघतं. म्हणून ‘घेतल्यापासून भूक लागते, चेहरा भरला’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की आम्हाला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते. आईचा चेहरा किंवा पाय सुजल्यासारखे वाटत असतील तर तेही सांगा, आणि असं काही वाटत असेल तर ‘आम्ही दहा दिवसांनी अचानक थांबवलं’ हेही सांगा, कारण स्टेरॉइड एकदम थांबवलं तर त्याचाही त्रास होऊ शकतो.

गुरुवारसाठी एक कागद तयार करा. त्यावर वर आईचं नाव आणि फाइल नंबर, खाली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत : नाव, कंपनी, बॅच नंबर, लेबलवरचे घटक, एका वेळी किती, दिवसातून किती वेळा, कधी सुरू, कधी बंद. लेबल नसेल तर ‘लेबल नाही’ असंच लिहा, तीही माहितीच आहे. सकाळचा चहा-काढा, गव्हांकुराचा रस, च्यवनप्राश, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सगळं त्यात येऊ द्या. ओपीडीत बोलायला दोन मिनिटंच मिळतात आणि गर्दीत निम्मं विसरायला होतं. कागद पुढे केला की काम होतं. म्हणायचं एवढंच : ‘डॉक्टर, आईने हे दहा दिवस घेतलंय, आता बंद केलंय. आजच्या डोसआधी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करायची का?’ रक्त तपासायला जाणारच आहे, सीबीसीसोबत बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन पाहणं त्यांना अवघड नाही. दोन-तीन आठवड्यांनी परत करावी का, तेही विचारा. यकृताची सूज कधी कधी औषध थांबवल्यावरही उशिरा दिसते.

मधल्या काळात डोळे किंवा लघवी पिवळी, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा जेवणाचा तिटकारा दिसला तर गुरुवारची वाट पाहू नका. आणि ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला तर क्रोसिन देऊन सकाळ होण्याची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सीत न्या. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप म्हणजे काही तासांचा खेळ असतो. याच कारणाने कच्चे रस, न उकळलेल्या पाल्याच्या चटण्या आणि उघड्यावर वाळवलेली चूर्णं या काळात टाळायची. त्यांतली बुरशी धडधाकट माणसाला काही करत नाही, आईला करू शकते.

घरातलं काहीच द्यायचं नाही का? आलं द्या. केमोच्या मळमळीवर त्याची चांगली मोठी चाचणी झाली आहे. ठरलेल्या औषधांसोबत दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीएवढं आलं दिल्यावर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. चहात ठेचून किंवा जेवणाआधी तुकडा-दोन तुकडे चालतील. प्लेटलेट कमी असतील तर तेवढं डॉक्टरांना विचारून. मऊ भात, मुगाचं वरण, पचत असतील तर अंडी आणि शिजवलेली मासळी, ताजं घरचं ताक, हे खरं बळ. घसा दुखतो म्हणून ज्येष्ठमध चघळायला देऊ नका. त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि उलट्या-जुलाबांनी ते आधीच उतरलेलं असतं.

मामांशी कसं बोलायचं हा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण तो पत्रात आहेच. त्यांनी बहिणीसाठी पदरचे पैसे घालून ही बाटली आणली. ‘हे थोतांड आहे’ म्हणालात तर ते दुखावतील आणि पुढच्या वेळी आईच्या हातात गुपचूप देतील, तो खरा धोका. त्यांना गुरुवारी सोबत न्या. बाटली त्यांच्याच हातात द्या आणि डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. आणि त्यांना हेही सांगा की वनस्पतींचं मिश्रण औषध म्हणून सिद्ध करण्याचा रस्ता बंद नाही. येल विद्यापीठात चार वनस्पतींच्या एका प्राचीन चिनी काढ्यावर दोन दशकांहून जास्त काळ काम चालू आहे. प्रत्येक घाण्याचा रासायनिक ठसा आधीच्या घाण्याशी जुळवून पाहिल्याशिवाय तो रुग्णाला दिला जात नाही. आपल्याकडेही २०१५च्या नोव्हेंबरपासून कायद्यात वनस्पतिजन्य औषधांचा वेगळा वर्ग आहे. त्यात शुद्ध केलेल्या अर्कातली निदान चार द्रव्यं मोजून दाखवावी लागतात आणि माणसांवर रीतसर चाचण्या कराव्या लागतात.

कुणी म्हणालं की ‘आमच्या मिश्रणाची चाचणी चालू आहे, आईला घ्या’, तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी यादीतला, नोंदणी क्रमांक मागा. ती यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. मराठीतलं संमतिपत्र मागा, नीतिसमितीची मंजुरी मागा. चाचणीतल्या औषधाचे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, त्यामुळे पैसे मागितले की ती चाचणी नव्हे, दुकान. आणि पाकिटावर किंवा जाहिरातीत ‘कर्करोग बरा होतो’ असं छापलेलं असेल तर औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्याने तो गुन्हा आहे. पाकीट जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. बाटलीमुळे काही त्रास झाला असं डॉक्टरांचं मत पडलं, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेचा १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. नोंद तुम्हीही करू शकता, डॉक्टरच हवेत असं नाही.

आईला मात्र आजच सांगा की बाटली बंद केली ती तिच्या झोपेवर रागावून नाही. आज रात्रीपासून उशाशी वही ठेवा, झोप किती वाजता लागली, किती वेळा मोडली ते लिहा, आणि एलएफटीचा रिपोर्ट आला की त्यातले आकडे आम्हाला कळवा.